सोबत आलेली व्यक्ती

हडपसर, पुणे
८ मे २०२०

प्रियदर्शनीस,

सप्रेम जयभीम.

तू कुठे आहेस ते मला कुणी सांगत नाही. शर्मिला मॅडम म्हणाल्या, पत्ता गुप्त ठेवावा लागतो, पत्र लिहून द्या, मी पोचवते. त्या बायकांच्या केसेस बघणाऱ्या सरकारी संरक्षण अधिकारी आहेत म्हणे. गळ्यात पास, तोंडावर दोन मास्क, आणि जिन्यात उभ्या राहूनच बोलल्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, सध्या कुणाच्या घरात शिरत नाही. बरं झालं. त्यामुळे सगळ्या बिल्डिंगला ऐकता आलं.

रविवारी कचऱ्याची बादली घेऊन खाली गेलीस ती गेलीसच. बादली गेटपाशी सापडली. मी वर आणली, धुऊन ठेवली. नाक्यावरच्या पोलीस बाईंना तू काय काय सांगितलंस ते मला आनंदकडून कळलं, आनंदला पोलिसांकडून. माझ्याशी तू दोन शब्द बोलली असतीस तर ही वेळ आली नसती. सहा वर्षांची पोर झोपलेली टाकून जाताना जिवाला काही वाटलं नाही का, हे मी विचारणार नव्हते, पण लिहिता लिहिता विचारून गेले.

सध्या चौकीत कुणाला बोलावत नाहीत, म्हणून फौजदार सर्जेराव साहेबांनी माझा जबाब व्हिडिओ कॉलवर घेतला. माझ्या हाताला कंप आहे हे तुला माहीतच आहे, त्यामुळे फोन आनंदने धरला होता. साहेबांनी विचारलं, सुनेला कशाने लागलं? मी सांगितलं, ओट्याजवळ पाणी सांडलं होतं, त्यावरून घसरली आणि ओट्याची कड कानाला लागली. मी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते, आवाज ऐकून धावत आले. साहेब म्हणाले, आत्ता तुमच्याजवळ कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही, मुलगा आतल्या खोलीत आहे. सात मिनिटांत सगळं आटोपलं.

एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या केस पेपरच्या खिडकीत बसले. बायका घसरतात, पडतात, त्यांना लागतं. त्यावर संसार मोडत नाहीत. माझ्या लग्नाला चाळीस वर्षं झाली असती. तात्यारावांनी माझ्यावर दोनदाच हात उचलला, आणि दोन्ही वेळा नंतर त्यांना वाईट वाटलं होतं. आनंदचा स्वभाव तापट आहे, पण त्याच्या कंपनीत निम्मी माणसं घरी बसवलीत, हा दिवसभर घरात, डोकं फिरायला आणखी काय लागतं.

रागाच्या भरात केलंस, समजू शकते. तक्रार मागे घे आणि ये. आनंदही तेच म्हणतो. पत्र लिहायला त्यानेच सांगितलं.

तुझी,
आई

२६ मे

प्रियदर्शनी,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. सात वर्षांत तुझ्याकडून सरळ उत्तर मला कधी मिळालं, ते आता मिळणार.

अपूचा पुढचा दात पडला. तिने तो कापसात गुंडाळून कंपासपेटीत ठेवलाय, तुला दाखवायचा म्हणून. तू मामाकडे गेली आहेस आणि रस्ते बंद आहेत असं मी तिला सांगितलंय. परवा तिने विचारलं, फोन पण बंद आहे का. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, मग पप्पांचा कसा चालू आहे. तुझीच मुलगी आहे, आणखी काय.

इथे मागच्या गल्लीला पत्रे ठोकलेत. तिथे पाच जण पॉझिटिव्ह निघाले. दूध सकाळी आठपर्यंत, भाजी मिळेल ती. समोरचा सुखदेव रिक्षा बंद म्हणून दारात बसून असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा ताप विचारतो. डॉक्टर व्हायचा राहून गेला बिचारा.

तुझ्या कानाचं कार्ड घरीच राहिलंय. महिन्याने दाखवायला बोलावलं होतं, ती तारीख गेली. कानाचा पडदा फाटला की त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोक्यावरून आंघोळ करताना तेलाचा बोळा घालत जा. तिथे कुणी तुला सांगतंय का हे?

मी आनंदची बाजू घेते असं तुला वाटत असणार. त्याचं काहीच चुकलं नाही असं मी म्हणत नाही. पण तूही माणसाला किती चिडवावंस. घरात एकच फोन, त्याच्यावर तुझी ऑनलाइन शाळा, त्यावरच त्याचं ऑफिस, आणि त्याच फोनवरून तू महिला हेल्पलाइनला नंबर लावलास. तो दिसणारच ना त्याला. आणि मुद्दाम मारलं म्हणतेस ते मला पटत नाही. उजव्या हातात फोन होता त्याच्या, तो नंबर तुझ्या तोंडापुढे धरलेला. कुकरचं झाकण डाव्या हातात आलं ते ओट्यावर समोर होतं म्हणून. डाव्या हाताला जोर तो कितीसा. ठरवून मारणारा माणूस उजव्या हाताने मारतो. हे तूच विचार करून बघ.

हे पत्र आनंदने वाचलेलं नाही. दुपारी तो झोपतो तेव्हा लिहिते आणि हरभऱ्याच्या डब्यात ठेवते.

आई

११ जून

तुझी चिठ्ठी मिळाली. शर्मिला मॅडमनी जिन्यात उभ्या राहून हातात दिली आणि मी वाचेपर्यंत थांबल्या. वहीचं फाडलेलं पान आणि त्यावर एकच ओळ.

"आई, तुम्ही गॅलरीत होतात, मग झाकण कुठल्या हातात होतं ते तुम्हाला कसं दिसलं?"

ना जयभीम, ना पोरीची चौकशी. शाळेत शिकवतेस ना, पेपर तपासायची खोड गेली नाही. मला इतका राग आला की ती चिठ्ठी मी तिथल्या तिथे फाडली. नंतर तुकडे गोळा केले, कारण आनंदला मिळाले असते.

बरं. मी गॅलरीत नव्हते. हॉलमध्ये होते. अपू माझ्या मांडीवर होती. स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि फटीतून जेवढं दिसतं तेवढं दिसलं. झालं समाधान? आता त्याचं काय करायचं ते मला विचारू नकोस. जबाब दिलाय तो दिलाय. एकुलता एक मुलगा आहे माझा. बाप गेला तेव्हा बारावीला होता, कॉलेज सुटल्यावर पेट्रोल पंपावर उभा राहायचा आणि रात्री जेवताना झोपेने त्याचा घास हातातच राहायचा. त्या मुलाला मी तुरुंगात पाठवायचं, आणि तेही आत रोग पसरलेला असताना?

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. तुला माहीत असेलच, तरी लिहिते. अपूचा ताबा मिळावा म्हणून तू अर्ज केलास, त्यावर आनंदच्या वकिलाने उत्तर दिलंय. बाई मुलीला टाकून निघून गेली, हिच्यावर कुणी हात उचललेला नाही, हा घ्या हॉस्पिटलचा केस पेपर, हा घ्या सासूचा जबाब. म्हणजे तो केस पेपर आणि मी, या दोन गोष्टींमुळे अपू तुला मिळणार नाहीये. मॅडम हे अगदी थंडपणे बोलल्या. आवाज चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

केस पेपरबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे, पण आज नाही. आनंद उठला.

३ जुलै

प्रियदर्शनी,

आज सगळं लिहिते. मध्येच थांबले तर पुन्हा धीर होणार नाही, म्हणून चुकलं तरी खोडणार नाही.

सोमवारी आनंद फोनवर वकिलाशी बोलत होता. बोलता बोलता त्याचा आवाज चढला. अपू जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. ती उठली, रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. पुन्हा येऊन रंगवायला बसली. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी विचारलं, बाळा, आवाज का वाढवलास? ती म्हणाली, "पप्पा ओरडले की वाढवायचा असतो ना."

तिला हे कुणी शिकवलं नाही. तिने पाहिलं.

जयंतीच्या दिवशी तू खीर करत होतीस. बाबासाहेबांच्या फोटोला हार मिळाला नाही म्हणून अपूने कागदाची फुलं कापून लावली होती. आनंद फोन घेऊन आत गेला आणि मला त्याच्या चालण्यावरूनच कळलं. मी फटीतून पाहिलं, सगळं पाहिलं. तू म्हणालीस, "आनंद, अपू आहे बाहेर." एवढंच म्हणालीस. त्याने झाकण उचललं तेव्हा मी उठले. तू आत्तापर्यंत समजत असशील की मी तुझ्याकडे यायला उठले. मी रिमोट घ्यायला उठले. टीव्हीचा आवाज वाढवला आणि दार ओढून घेतलं, समोर ऐकू जाऊ नये म्हणून. त्यानंतर तू ओरडलीस का, किती वेळा ओरडलीस, मला माहीत नाही. माझ्या घरात असूनही मला माहीत नाही, कारण मी तशी सोय केली होती.

सुखदेवने पोलिसांना विचारून रिक्षा काढली. तू ओढणीने कान दाबून धरला होतास आणि ओढणी भिजत होती. वाटेत तो आरशातून बघत म्हणाला, "आज टीव्ही लई मोठा लावला होता, काकू." मी म्हटलं, वय झालं, ऐकू कमी येतं. तू माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मी विसरले नाही.

आता केस पेपरचं. तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. मारहाण, जाळून घेणं, विष, अशी केस आली की खिडकीतून ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगायचं, ते एमएलसी करतात, म्हणजे पोलिसांना कळवतात. नुसती पडली म्हटलं तर कळवत नाहीत. बायका खरं सांगत नाहीत, कारण बरोबर नवरा असतो, नाहीतर सासू. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला होता. विचारायचं पेशंटला. पेशंटने तोंड उघडायच्या आत बरोबरचा बोलला तर पेन खाली ठेवायचं, बरोबरच्याला बाहेर बाकावर बसवायचं, मग पुन्हा विचारायचं. किती जणींनी त्या खिडकीत खरं सांगितलं त्याची मोजदाद नाही. कचरू माझ्या हाताखाली नवीन लागला तेव्हा त्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

त्या दिवशी खिडकीत कचरूच होता. त्याने तुला विचारलं, ताई, काय झालं? आणि मी बोलले. घसरून पडली, ओटा लागला. त्याने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

मी म्हटलं, "कचरू, लिही. माझी सून आहे."

त्याने लिहिलं. चार वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या बाईचा मान त्याने ठेवला. काय बोललं म्हणजे पोलिसांना कळवत नाहीत हे पुण्यात माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल, आणि ती अक्कल मी तुझ्यावर वापरली. खाली केस पेपरवर एक रकाना असतो, सोबत आलेली व्यक्ती. तिथे माझं नाव आहे, पुढे नातं, सासू. तो कागद आज कोर्टात आहे.

जबाबाच्या वेळी आनंद आतल्या खोलीत नव्हता. फोन त्याच्याच हातात होता. साहेबांना माझं तोंड दिसत होतं आणि मला त्याचं.

माफी मागत नाही. ती मागितली की द्यायची की नाही हे ओझं पुन्हा तुझ्यावरच. त्याऐवजी एक काम करते. फोनवरच्या जबाबावर सही राहिलीय, म्हणून बुधवारी, आठ तारखेला अकरा वाजता सर्जेराव साहेबांनी चौकीत बोलावलंय. आनंद घेऊन जाणार आहे. अपूला एकटी ठेवता येत नाही, म्हणून तीही बरोबर येईल. तू शर्मिला मॅडमबरोबर ये. पण मी सांगितल्याशिवाय गाडीतून उतरू नकोस.

ही पत्रं फाडू नकोस. मी नंतर जबाब का बदलला असं वकील विचारेल, तेव्हा लागतील. तारखा घातल्या आहेत, या पत्रावर पानापानाला सही केली आहे.

प्रेमला तात्याराव

९ जुलै

प्रियदर्शनी,

काल तू लांबून पाहिलंस, पण ऐकलं नसशील, म्हणून लिहिते.

तिघं एका मोटारसायकलवर गेलो. अपू मध्ये. भाजीच्या पिशवीत तिचे चार कपडे, कंपासपेटी आणि तुझ्या कानाचं कार्ड होतं, वरून मेथीची जुडी. आनंदने विचारलं नाही. बाईच्या हातात पिशवी असली की ती भाजीचीच, असं त्याला वाटतं.

चौकीबाहेर टेबल टाकलं होतं, पुढे दोरी बांधलेली. सर्जेराव साहेबांनी मागचा जबाब वाचून दाखवला. बरोबर आहे का, म्हणाले. मी बोलायच्या आत आनंद म्हणाला, साहेब, आईला हल्ली आठवत नाही, गोंधळते, आहे त्यावर सही घेऊन टाका.

मी म्हटलं, "साहेब, बरोबरचा आधी बोलतोय. आमच्या खिडकीत असं झालं की आम्ही बरोबरच्याला बाहेर बसवायचो, आणि मगच लिहायला घ्यायचो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हवालदाराला सांगून त्याला रस्त्यापलीकडच्या पिंपळाखाली उभं केलं. आनंद तिथून मला हाताने खुणा करत होता. लहानपणी शाळेच्या फाटकातून करायचा तशाच. मी पाठ करून बसले.

अर्धा तास बोलले. झाकण, डावा हात, रिमोट, केस पेपर, सगळं. साहेब म्हणाले, काकू, हे मेमध्येच सांगायचं होतंत. मी म्हटलं, मेमध्ये तुम्ही विचारलंत जवळ कोण आहे. फोन फिरवून दाखवा असं म्हणाला नाहीत. हे वाक्य त्यांनी जबाबात घेतलं नाही, तेवढं सोडून सगळं घेतलं. मी वाचून सही केली.

मग अपूला म्हटलं, ती पांढरी गाडी दिसते ना, त्यात आई आहे, जा. तुझ्या तोंडावर मास्क होता, काच वर होती. मला वाटलं ती ओळखणार नाही, थांबेल, मागे वळून विचारेल. ती धावत गेली. आनंद पिंपळाखालून निघाला तर हवालदाराने त्याला अडवलं. दात दाखवायला कंपासपेटी पिशवीतून काढून घेऊन गेली, आणि पिशवी माझ्याच हातात राहिली. मॅडम ती न्यायला परत आल्या. मी मेथीही दिली.

तू काच खाली केली नाहीस. बरोबर केलंस. मी सांगितलंच नव्हतं.

आनंदला अटक झाली नाही. सध्या तुरुंग रिकामे करतायत, सात वर्षांच्या आतला गुन्हा असेल तर नोटीस देऊन सोडतात, असं साहेब म्हणाले. शर्मिला मॅडम म्हणाल्या, तुम्ही घरी जाऊ नका, तुमचीही सोय करते, आधी टेस्ट करू. मी नाही म्हटलं. घर तात्यारावांच्या नावावर आहे. मी का जाऊ? आणि खरं सांगायचं तर त्याला जेवायला कोण घालणार, हा विचार आलाच. इतकं सगळं बोलून झाल्यावरही आला. आई असणं हे असं आहे, लाज सोडून.

परत त्याच मोटारसायकलवर आलो. मधली जागा रिकामी होती. मी जेवायला वाढलं, तो जेवला.

१८ जुलै

प्रियदर्शनी,

अक्षर डाव्या हाताचं आहे. जमेल तसं वाच.

मंगळवारपासून पुन्हा सगळं बंद झालं. दहा दिवस. दारं बंद, रस्ते बंद, आणि आम्ही दोघं. आठवडाभर तो बोलला नव्हता. काल दुपारी कोर्टाचा निरोप आला, अपू तुझ्याकडेच राहील. वकिलाने त्याला फोनवर सांगितलं. तो टीव्ही बघत होता, किती पेशंट, किती मेले. फोन ठेवला आणि माझ्यावर ओरडायला लागला. काय काय म्हणाला ते लिहीत नाही. बराच वेळ ओरडला.

मी उठले. माझा हात आपोआप रिमोटकडे गेला, इतकी सवय. मी टीव्ही बंद केला. मग जाऊन बाहेरचं दार सताड उघडलं.

त्याला वाटलं मी पळतेय. म्हणाला, दार लाव. मी म्हटलं, "नाही लावणार. बोल तू, लोकांना ऐकू दे." तेव्हा त्याने ढकललं. चौकट हाताला लागली. मनगटाचा आवाज झाला तो मी ऐकला, त्यानेही ऐकला, समोर सुखदेव दारात उभा होता त्याने ऐकला. आनंद मग खाली बसला आणि रडायला लागला. तात्याराव अगदी असेच बसायचे.

सुखदेवने रिक्षा काढली. नाक्यावर पोलिसांनी अडवलं, माझा हात बघून सोडलं. हॉस्पिटलच्या फाटकाशी तो म्हणाला, "मी येतो आत, काकू. काय झालं ते मी सांगतो ना, मी पाहिलंय." मी म्हटलं, तुला साहेब विचारतील तेव्हा त्यांना सांग. खिडकीत माझ्याबरोबर कुणी नको.

खिडकीला आता प्लॅस्टिक लावलंय. पलीकडे कचरू. मला पाहून उठून उभा राहिला. मी म्हटलं, बस आणि लिही. त्याने नाव लिहिलं, वय लिहिलं, त्रेसष्ट. मग पेन धरून थांबला. काय झालं, मॅडम?

एकतीस वर्षं मी हा प्रश्न विचारला. उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते मला माहीत नव्हतं. मागे रांग होती, कुणीतरी खोकत होतं. घसरून पडले, हे शब्द तोंडात तयार होते, आपोआप आले होते. आनंद घरी जमिनीवर बसून रडत असेल, हेही डोळ्यांपुढे होतं. कचरू घाई करत नव्हता. शिकवलंय मीच.

मी सांगितलं, "मुलाने ढकललं. एमएलसी कर."

त्याने मुलाचं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, आनंद तात्याराव, आणि पत्ता, आमचाच. सही उजव्या हाताने होईना, म्हणून अंगठा दिला. शाई मी दुसऱ्यांच्या बोटांना लावायचे, पुसायला फडकं कुठल्या खणात असतं ते मला अजून माहीत आहे. सोबत आलेली व्यक्ती या रकान्यात कचरूने रेघ मारली.

प्लास्टर सहा आठवडे आहे. पोलीस संध्याकाळी आनंदला घेऊन गेले. या वेळी नोटिशीवर सोडलं नाही. जाताना त्याने चपला घातल्या नव्हत्या, मी हाताने खूण केली, तेव्हा आत येऊन घालून गेला. मला आज घरात फार शांत वाटतंय आणि त्या शांततेची भीती वाटते. मी केलं ते बरोबर केलं हे मला कळतं. पण त्याने बरं वाटत नाही, एवढंच तुला खरं सांगायचं होतं.

शर्मिला मॅडम विचारत होत्या, प्रियदर्शनीला काही निरोप आहे का. ये म्हणायचा मला हक्क नाही, आणि हे पत्र त्यासाठी नाही. एकच सांगायचंय. कार्डावर डॉक्टरांनी लिहिलंय की उजव्या कानाने तुला पुन्हा ऐकू येईलच असं नाही. अपू झोपेत बोलते, आई गं म्हणते आणि पुन्हा झोपते. तिला रात्री डाव्या बाजूला घेत जा, म्हणजे ती बोलली तर तुला ऐकू येईल.

प्रेमला